पहिली कमाई मुलांच्याच नावावर राहू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत गेल्या आठवड्यात एका पालकांनी लिहिले होते की, मुलांच्या पहिल्या पगाराला बचतीचे जू लावू नये. पहिली कमाई आहे, हौसमौज करू द्या, साठवायला पुढे आयुष्य पडले आहे. पत्र मनापासून लिहिलेले होते आणि त्यातली हौसेची बाजू मला पटलीही. सतराव्या-अठराव्या वर्षी स्वतःच्या पैशाने आईला साधी साडी आणण्यात जे सुख आहे, ते चाळिसाव्या वर्षी आणलेल्या पैठणीत नाही. पण साठवणे पुढे ढकलता येते, हे मला मान्य नाही. का मान्य नाही, ते जरा सविस्तर लिहिते.

मी १९८६ पासून २०१९ पर्यंत बडोद्यात पोस्टाची अल्पबचत प्रतिनिधी होते. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असे त्याचे लांबलचक नाव. लोक आम्हाला ‘आरडीवाल्या काकू’ म्हणत. आरडी म्हणजे रिकरिंग डिपॉझिट, दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची पोस्टाची पाच वर्षांची ठेव. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी हा माझा भाग. घरोघर जाऊन हप्ता घ्यायचा, कार्डावर सही करून द्यायची, यादी तयार करून रावपुऱ्याच्या पोस्टात भरायची. शेकडा चार रुपये कमिशन मिळे. एजन्सी सोडून आता सहा वर्षे झाली, त्यामुळे या पत्रात माझा कसलाही फायदा नाही हे आधीच सांगते.

मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा कमवू लागली की घरात काय होते, ते मी शेकडो घरांत पाहिले. कुठे वडील म्हणतात, ‘आण इकडे, मी सांभाळतो.’ कुठे आई म्हणते, ‘तुझेच आहेत रे, कर खर्च.’ महिनाअखेर दोन्हीकडे मुलाच्या हातात काही नसते. मला विचाराल तर वडिलांनी सांभाळणे जास्त घातक, कारण ते काळजीपोटी होते आणि म्हणून त्याला कोणी नाव ठेवत नाही.

माझाच पहिला पगार घ्या. १९७५ साल, मला अठरावे संपत आले होते. टायपिंग शिकून मी रावपुऱ्यात एका वकिलांकडे लागले, महिना एकशे दहा रुपये. पाकीट देवापुढे ठेवले, आईने हळदकुंकू वाहिले, आणि ते बाबांच्या हाती गेले. पुढची चार वर्षे दर महिन्याला तसेच. बाबा उधळे नव्हते. धाकट्या भावांची फी, आजीचे औषध, दूधवाला, सगळे त्यातून भागत होते. १९७९ मध्ये माझे लग्न ठरले तेव्हा मी चाचरत विचारले, ‘बाबा, माझे काही शिल्लक आहे का?’ बाबा नुसते बघत राहिले. प्रश्नच त्यांना उमगला नाही. मलाही विचारल्याची लाज वाटली आणि मी विषय सोडला.

असे वळण अंगात मुरलेले होते, म्हणूनच १९९७ मध्ये माझ्या हातून जे झाले ते होताना मला त्यात काही वावगे वाटले नाही. वाडीतला एक मुलगा १९९४ च्या दिवाळीत मंगळ बाजारात कापडाच्या दुकानात लागला होता. अठरा वर्षांचा, पगार नऊशे रुपये. त्याने स्वतः मला हाक मारून शंभराची आरडी काढली. हप्ता नेण्यासाठी मी दुकानाच्या मागच्या दाराशी जायची, तो गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच ठेवून बाहेर यायचा. शर्टाच्या वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले कार्ड काढायचा, माझी सही झाली की कार्डाच्या मागे पेन्सिलीने बेरीज मांडायचा. हजार, दोन हजार, बावीसशे. छत्तीस महिन्यांत त्याचा एकही हप्ता चुकला नाही.

तीन वर्षे झाल्यावर त्याचे वडील माझ्याकडे आले. मोठ्या मुलीचे जमत होते, पाहुणे यायचे होते, पुढच्या खोलीला फरशी घालायची होती. ‘ताई, तीन वर्षांनी आरडी मोडता येते ना?’ येत होती. मुदतीआधी मोडली की व्याज बचत खात्याच्या दराने मिळते, एवढेच. मी फॉर्म भरला आणि दुकानामागे सहीसाठी गेले. ‘काकू, हे कशाचे?’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘खाते बंद करायचेय, बाबांनी सांगितलेय.’ तो क्षणभर थांबला. मग कापडाच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून त्याने सही केली. चार हजारांच्या जवळपास रक्कम होती. फरशी आली, मुलीचे लग्नही चांगले झाले.

त्यानंतर मी त्याला दोनदा विचारले, नवी आरडी काढूया का. पहिल्यांदा म्हणाला, ‘बघू.’ दुसऱ्यांदा, न्यायमंदिरासमोर भेटला तेव्हा, म्हणाला, ‘काकू, आता काही टाकत नाही. घरात कळतंच.’ त्याने मला दोष दिला नाही, पण तो माझाच होता. खाते त्याचे होते. त्याला न विचारता मी फॉर्म भरून नेला. ‘हे पैसे तुझे आहेत, तुझी मर्जी असेल तरच सही कर’ एवढे बोलायला मला अर्धे मिनिट लागले नसते.

हे सगळे यंदा उन्हाळ्यात डोळ्यांपुढे उभे राहिले, कारण माझी नात कमवू लागली. वय सतरा. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि एप्रिल-मे असे दोन महिने ती दांडिया बाजाराजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात गेली. फ्रेम पुसून मांडायच्या, नंबराची चिठ्ठी वहीत उतरवायची, चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला फोन करायचा. महिना सहा हजार. मालकांना ती सकाळी दहा ते रात्री आठपर्यंत हवी होती. मी स्वतः जाऊन सांगितले की, चौदा ते अठरा वयाच्या मुलांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही, सलग तीन तासांहून जास्त काम नाही, मध्ये तासभर विश्रांती आणि ती धरून दिवसाचे सहाच तास, असा कायदा आहे. माणूस भला होता. ‘मासी, चिंता ना करशो,’ म्हणाले आणि दहा ते चार ठरले. पालकांना हा कायदा माहीत नसतो आणि दुकानदारांना बहुतेक वेळा कोणी सांगितलेला नसतो, म्हणून येथे लिहिले.

पहिला पगार पाकिटात आला. आमच्याकडेही तो देवापुढे ठेवला, माझ्या सुनेने साखर ठेवली. त्यानंतर चिरंजीवांनी सवयीने हात पुढे केला. ‘माझ्याकडे दे, तुझ्या कॉलेजच्या फीला लावू.’ मी त्यांना बाजूला घेऊन १९७५ चे आणि १९९७ चे, दोन्ही सांगितले. माझ्या मुलाला बाबांची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली. पाकीट नातीकडेच राहिले.

तिला वाटत होते बँकेत खाते काढावे. आम्ही दोघी गेलो. खिडकीवरच्या बाईंनी ‘पालकांना घेऊन या’ सांगितले. वास्तविक रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला परिपत्रक काढून स्पष्ट केले आहे की, दहा वर्षे पुरी झालेल्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते आणि मुदत ठेव उघडता येते आणि चालवता येते. रकमेची मर्यादा बँकेने ठरवावी, आणि खात्यात शिल्लक असेल तेवढेच पैसे काढता यावेत. बँकांना आपले नियम त्याप्रमाणे करून घ्यायला १ जुलैपर्यंत मुदत होती. आम्ही मेमध्ये गेलो होतो, म्हणून मी वाद घातला नाही. पोस्टात मात्र दहा वर्षांवरच्या मुलाचे खाते त्याच्या स्वतःच्या नावाने काढायची सोय आधीपासून आहे, आणि ती मी कितीदा तरी वापरली होती. तिथून निघून आम्ही थेट रावपुऱ्यात गेलो.

सहा वर्षांनी मी त्या पोस्टाची पायरी चढले. नातीने फॉर्म स्वतः भरला. जन्मतारीख, पत्ता, वारस. वारसाच्या रकान्यात तिने माझ्याकडे न बघता आईचे नाव लिहिले. नमुना सहीच्या चौकोनात तिचा हात अडला. आजवर तिने सही केली होती ती प्रगतिपुस्तकावर आणि हॉल तिकिटावर. पहिली सही चौकोनाबाहेर गेली, दुसरी फार बारीक झाली, तिसरी जमली. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, ‘आता हीच ठेवायची, बदलायची नाही.’ घरी परतताना ती हातावर बोटाने तीच सही गिरवत होती.

दोन महिन्यांचे बारा हजार झाले. त्यातले दोन हजार तिने स्वतःवर खर्च केले आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मंगळ बाजारातून कानातली, मैत्रिणींना शेवउसळ, आईला एक ब्लाउजपीस. हजार तिने घरात दिले. उरलेले नऊ हजार बचत खात्यात गेले आणि त्यातून तीनशे रुपयांची आरडी सुरू झाली. हिशेब सोपा होता. नऊ हजारांत तीनशेचे तीस हप्ते बसतात, म्हणजे कॉलेजची पहिली अडीच वर्षे नोकरी नसली तरी खाते चालू राहील. तिने खाते उघडले तेव्हा आरडीला ६.७ टक्के व्याज होते, खाते उघडतेवेळचा दर पाच वर्षे बदलत नाही. तीनशेप्रमाणे पाच वर्षांत अठरा हजार भरले की सुमारे २१,४०० रुपये हातात येतात. फार मोठी रक्कम नाही, मी तिला तसे सांगितलेही.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आरडीत बारा हप्ते एकदम आगाऊ भरले तर महिना शंभराच्या खात्याला एकूण चाळीस रुपये सूट मिळते. तीनशेच्या खात्याला एकशे वीस. सून म्हणाली, पैसे पडूनच आहेत, भरून टाकू एकदम. मी नको म्हटले. माझ्या मते वर्षाचे ते एकशे वीस रुपये सोडलेले बरे. दर महिन्याला पंधरा तारखेच्या आत तिने स्वतः जाऊन तीनशे भरावेत, पासबुकात नोंद करून घ्यावी, हप्ता चुकला तर शंभराला रुपया या दराने दंड स्वतःच्या खिशातून द्यावा. त्या मुलाच्या कार्डामागच्या पेन्सिलीच्या बेरजा मी विसरलेले नाही. त्याला सवय लागली होती ती महिन्या-महिन्याने स्वतःच्या हाताने मांडलेल्या आकड्यांमुळे. तीच सवय मी मोडली.

आयकराची चौकशी चिरंजीवांनी केली, म्हणून तेही सांगून टाकते. अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने मिळवलेला पैसा आईवडिलांच्या उत्पन्नात धरत नाहीत. त्यावरचे व्याज मात्र धरतात. इतक्या लहान रकमेत त्याची काळजी करण्यासारखे काही नाही.

आता त्या पालकांच्या ‘पुढे आयुष्य पडले आहे’ याकडे वळते. आमच्या वाड्याच्या समोर राहणारा मुलगा गेल्या वर्षी अठराचा झाला आणि मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लागला. अकरा हजार पगार. पहिल्याच महिन्यात त्याने हप्त्यावर फोन घेतला, महिना एकवीसशे, चौदा महिने. घरच्यांनी पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात त्याची पाळी रात्रीची झाली, झेपेना, त्याने काम सोडले. हप्त्याची तारीख काही काम सोडत नाही. खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला, फोन विकणाऱ्यांनी वेगळा लावला, आणि वसुलीचे फोन त्याच्या आईला येऊ लागले. शेवटी आईने भिशीचे पैसे उचलून भरले. मुलगा वाईट नाही. पगार झाल्या दिवशी त्याला कोणी एवढेच सांगितले असते की, आधी हजार रुपये बाजूला टाक आणि तीन महिने थांब, तर तो फोन त्याने तीन महिन्यांनी घेतला असता किंवा घेतला नसता. ज्याची पहिली कमाई आल्या पावली हप्त्याला बांधली जाते, त्याला साठवायला ‘पुढे’ मिळते कुठे? अठराव्या वर्षी कर्ज काढायला सगळे मदत करतात. दुकानातला मुलगा स्वतः कागद भरून देतो, दहा मिनिटांत होते. खाते काढायला मात्र आम्हाला दोन दारे हिंडावी लागली.

आणि हे बडोद्यात व्हावे, याचे मला वाईट वाटते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, याच गावात बँक ऑफ बडोदा काढली. माझी आजी त्या सक्तीमुळे शाळेत गेली. तिचे अक्षर वळणदार होते, सही ठसठशीत. पण ती सही करायला तिच्या नावाचा एकही कागद जन्मभरात नव्हता. आईचेही तेच. माझे पहिले खाते मी एजंट झाल्यावर, एकोणतिसाव्या वर्षी काढले. आमच्या घरात सतराव्या वर्षी स्वतःच्या कमाईच्या फॉर्मवर सही करणारी ही पहिली मुलगी.

माझी विनंती पालकांना आहे तशी दुकानदारांनाही आहे. सुट्टीपुरत्या ठेवलेल्या मुलांना पाकिटात रोख देण्यापेक्षा ‘तुझे खाते आहे का?’ एवढे विचारा. नसेल तर अर्धा दिवस सुट्टी द्या आणि काढून ये म्हणा. आपल्या गावात महाराष्ट्र मंडळे आहेत, गणेशोत्सवाची मंडळे आहेत. परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ठेवून पोस्टातल्या आणि बँकेतल्या माणसांना बोलावता येईल. पालकांनी मात्र एक पाळावे. खाते मुलाचे, पासबुक मुलाकडे. बघायला मागा, सल्ला द्या, रागवासुद्धा, पण त्याच्या सहीचा कागद त्याला न विचारता भरून नेऊ नका. घरात खरेच अडचण असेल तर त्याच्यासमोर बसून मागा. आरडीवर वर्षभराचे बारा हप्ते झाले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. खाते न मोडता अडचण भागते आणि मुलाला परतफेडही कळते. १९९७ मध्ये त्या वडिलांना मी हे सांगू शकले असते.

मी रविवारी सकाळी दहा ते बारा घरीच असते. दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा भागातल्या ज्या मुलांना पोस्टात खाते काढायचे असेल त्यांनी जन्माचा दाखला, आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन यावे. पॅनकार्ड नसले तरी चालते, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. फॉर्म मी भरणार नाही, शेजारी बसून त्यांच्याकडून भरून घेईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारील त्याला जरूर द्यावा. सोबत आईवडील आले तर आनंदच आहे, त्यांना चहा मिळेल.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त अल्पबचत प्रतिनिधी
दांडिया बाजार, बडोदे